डिझेल पंपाचं टायमिंग: मार्कावर ठेवायचं की कानावर?

देपालपूररोड
मंडळी, इंदूरजवळ देपालपूरच्या बाजूला आमची शेती आहे. तीन सिलिंडरचा जुना ट्रॅक्टर आहे, त्यावर मायकोचा इनलाइन पंप. उन्हाळ्यात पंप खोलून एलिमेंट आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह बदलून घेतले. पंप परत चढवताना मिस्त्रींनी फ्लँजवरचा मार्क सोडून तो जरा फिरवून कसला आणि म्हणाले, “टायमिंग थोडा आगे दिया है, अब पिकअप देखना.” म्हणजे पिस्टन वर येण्याआधी डिझेल फवारलं जातं, ते आता आणखी आधी. पिकअप वाढला, हे खरं. रिकामा ट्रॅक्टर रस्त्याला छान पळतो. पण सकाळी स्टार्टर मारला की इंजिन उलटा झटका देतं, आणि रोटाव्हेटर लावला की हेडमधून कडक खटखट सुरू होते. पाणीही पूर्वीपेक्षा लवकर गरम होतं.

गावातले जुने मिस्त्री म्हणतात, झिजलेल्या इंजिनाला टायमिंग पुढेच लागतं, मार्क नव्या इंजिनासाठी असतो. भाचा इंदूरच्या जीएसआयटीएस इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल करतोय, तो म्हणतो मार्क हलवायचाच नाही. सोयाबीनची पेरणी तोंडावर आली आहे. तेव्हा कुणाचं ऐकू? आणि घरच्या घरी टायमिंग तपासता येतं का?

सियागंजवाला
भिया, आधी मार्कावर आणा. स्टार्टरला उलटा झटका बसतोय म्हणजे पिस्टन वर पोचायच्या आत आग लागतेय. असंच चालवत राहिलात तर आधी रिंग गिअरचे दात जातील, मग हेड गॅस्केट. पार्ट शोधायला आमच्या सियागंजातच याल, पण पेरणीच्या दिवसांत नको.

पंपघर
सासरी डिझेल पंप कॅलिब्रेशनचं दुकान आहे, टेस्ट बेंचवर मी स्वतः बसते. मुळापासून लिहिते, म्हणजे पुढची चर्चा सोपी जाईल.

इनलाइन पंपात प्रत्येक सिलिंडरला एक एलिमेंट असतं, म्हणजे प्लंजर आणि त्याचा बॅरल. दोघांत फट असते जेमतेम २ ते ४ मायक्रॉन. म्हणून एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये कधीच घालायचा नाही. खालून कॅम प्लंजरला उचलतो. वर जाताना प्लंजरच्या माथ्याने बॅरलचं भोक झाकलं की डिझेल अडकतं, दाब चढतो, नोजल उघडतं. ही झाली डिलिव्हरीची सुरुवात. प्लंजरच्या अंगावर एक तिरकी खाच असते. ती भोकासमोर आली की दाब एकदम सुटतो आणि डिलिव्हरी संपते.

ॲक्सिलरेटर दाबल्यावर रॅक सरकतो आणि प्लंजर स्वतःभोवती फिरतो. प्लंजर किती उंच उचलला जातो हे त्याने बदलत नाही. बदलतं एवढंच की खाच भोकासमोर लवकर येणार की उशिरा. म्हणून नेहमीच्या प्लंजरमध्ये सुरुवात ठरलेली असते आणि शेवट पुढेमागे होतो. डिझेल किती जायचं हे रॅक आणि गव्हर्नर ठरवतात. ते कधी जायचं हे ठरतं पंप इंजिनाला कोणत्या कोनात बांधला आहे त्यावर. मिस्त्रींनी पंप फिरवला तेव्हा हा कोन बदलला, डिझेल वाढलं नाही.

देपालपूररोड
ताई, मग पिकअप वाढल्यासारखा का वाटतो?

पंपघर
नवीन एलिमेंटमुळे! झिजलेल्या एलिमेंटमधून डिझेल मागे झिरपत होतं, आता ते पुरतं नोजलला पोचतंय. श्रेय मात्र टायमिंगला मिळालं. आमच्याकडे येणारे बहुतेक लोक दोन्ही कामं एका दिवशी करवून घेतात, त्यामुळे कशाने काय झालं हे कळत नाही.

अंशमापक
थोडं गणित मांडतो, कारण ‘जरासं पुढे’ म्हणजे किती ते हाताला कळत नाही.

पंप क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. पंपाचा १ अंश म्हणजे क्रँकचे २. फ्लँजवरचा मार्क केंद्रापासून ६० मिमीवर धरला, तर पंप १ मिमी सरकवला की पंपाचा जवळपास १ अंश बदलतो, म्हणजे क्रँकचे जवळपास २. मिस्त्रींनी जर अडीच मिमी फिरवला असेल तर टायमिंग ५ अंशांनी पुढे गेलं.

आता वेळ बघा. १५०० आरपीएमला क्रँकचा १ अंश म्हणजे ०.११ मिलिसेकंद. डिझेल फवारल्याबरोबर पेटत नाही. ते बारीक होऊन तापलेल्या हवेत मिसळायला साधारण १ मिलिसेकंद लागतो, म्हणजे या वेगाला ९ अंश. म्हणून फवारा पिस्टन वर पोचायच्या आधीच सुरू करावा लागतो. पण फारच आधी केला तर हवा पुरती दाबली गेलेली नसते, तिचं तापमान कमी असतं, डिझेल पेटायला आणखी वेळ लागतो. तोवर सिलिंडरमध्ये ते साठत राहतं, आणि पेटतं तेव्हा सगळं एकदम पेटतं. तुमची खटखट ती हीच. शिवाय पिस्टन अजून वर चढत असताना हा दाब त्याच्या डोक्यावर येतो. स्टार्टरच्या मंद वेगाला इंजिन उलटं ढकललं जातं ते त्यामुळे.

उशीर झाला तरी चालत नाही. मग पिस्टन खाली उतरताना जळण चालू राहतं, ताकद सायलेन्सरमधून जाते, लोडवर काळा धूर येतो आणि थंड इंजिन पांढरा धूर सोडतं.

डिझेलकाका
सर्वांच्या ज्ञानाचा आदर आहे, पण मी देवास नाक्यावर आयुष्यभर इंजिनंच खोलली आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

मार्क कुठून कुठे जोडलेला असतो? क्रँक गिअर, मग मधला आयडलर गिअर, मग पंपाचा गिअर. वीस-पंचवीस वर्षांत हे दात झिजतात, पंपाचा कॅम आणि त्याच्यावर बसून प्लंजरला उचलणारे टॅपेट झिजतात. सगळ्या झिजेचा परिणाम एकाच दिशेने होतो: डिझेल उशिरा जातं. तेव्हा फ्लँजचे मार्क समोरासमोर असूनही प्रत्यक्ष टायमिंग मागे पडलेलं असतं. अशा इंजिनाला थोडं पुढे देणं म्हणजे त्याला मूळ जागेवर आणणं. गावातले मिस्त्री सांगतात त्यात तथ्य आहे. त्यांना थेट अडाणी ठरवू नका.

आणि कान म्हणाल तर चांगल्या कानाला लोडवरचा आवाज कळतो. मी आजही आधी ऐकतो, मग पाना उचलतो.

अंशमापक
काका, झिजेचा मुद्दा मान्य. पण मग किती मागे पडलंय ते मोजून तेवढंच पुढे घ्यायला हवं. कान खटखट सांगेल. तीन अंशांची की सहा अंशांची, हे नाही सांगणार. टायमिंग दोन अंश मागे असलं तर कान काहीच सांगत नाही, फक्त डिझेल जास्त लागतं.

डिझेलकाका
मोजण्याला माझा विरोध कधीच नव्हता. स्पिल टायमिंग, म्हणजे पंपातून येणारी डिझेलची धार कधी थांबते ते बघून मोजणं, मी हाताने केलंय. हल्लीची मुलं ते शिकत नाहीत याचं वाईट वाटतं.

नर्मदापार
सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताना हा धागा मोठ्याने वाचत होतो. शेजारचे अनोळखी गृहस्थ म्हणाले, “आमच्या ट्रॅक्टरचंही विचारा.” आता ते पण सभासद होणार आहेत. :)

बडोदेकर
बडोद्याहून लिहितोय. आमच्याकडे विहिरीवर आणि जनरेटरला एक सिलिंडरची इंजिनं अजून भरपूर आहेत. त्यांत पंप फिरवायची सोयच नसते, पंपाच्या फ्लँजखाली पातळ शिम, म्हणजे पत्र्याच्या चकत्या, असतात. शिम वाढवला की पंप कॅमपासून वर उचलला जातो, प्लंजरला धक्का उशिरा बसतो, टायमिंग मागे येतं. शिम काढला की पुढे जातं. हे लोक नेहमी उलटं समजतात.

किर्लोस्करचं १५०० आरपीएमचं एक सिलिंडर इंजिन, जे इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रयोगशाळांतही असतं, त्याचं टायमिंग टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेच्या) आधी २३ अंश असतं. फ्लायव्हीलवर हे अंश मोजायला टेप पुरतो. परीघ मोजायचा आणि ३६० ने भागायचं. व्यास ४०० मिमी असेल तर परीघ १२५७ मिमी, एक अंश म्हणजे साडेतीन मिमी. २३ अंश म्हणजे टीडीसीच्या खुणेपासून ८० मिमी. खडूने रेघ मारली की झालं.

अंशमापक
बडोदेकर, सुंदर. यात अजून एक भर. राजकोटकडे बनणारी लिस्टर पद्धतीची ६५० आरपीएमची जुनी इंजिनं घ्या. त्यांत १ अंशाला ०.२५ मिलिसेकंद मिळतो, १५०० च्या दुपटीहून जास्त वेळ. म्हणून ती इंजिनं टायमिंगच्या बाबतीत इतकी सोशिक असतात. त्यांच्यावर हात बसलेला माणूस तोच अंदाज वेगवान इंजिनाला लावतो, आणि तिथे गडबड होते.

मोरारची\_गल्ली
ग्वाल्हेरहून. एक शंका आहे: डिझेलसाहेबांच्या पहिल्या इंजिनात हा पंप होता का?

अंशमापक
नव्हता. १८९७ साली आउग्सबुर्गमध्ये रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन यशस्वी ठरलं, त्यात इंधन दाबाच्या हवेने आत फुंकलं जाई. त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागे, म्हणून इंजिन अवजड आणि एका जागी बसवायचं. रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२२ मध्ये पंपावर काम सुरू केलं आणि १९२७ पासून इनलाइन पंप कारखान्यातून मोठ्या संख्येने निघू लागला. नेमक्या क्षणी नेमकं थेंबभर इंधन देणारा छोटा पंप मिळाला, तेव्हा कुठे डिझेल इंजिन ट्रक आणि ट्रॅक्टरवर बसलं. आपण ज्याला मायको पंप म्हणतो ती १९५१ ची बंगळूरची मोटर इंडस्ट्रीज कंपनी, २००८ पासून तिचं नाव बॉश लिमिटेड आहे.

मानपूरघाट
माझे दोन ट्रक एबी रोडवर (आग्रा-मुंबई रस्त्यावर) चालतात. जुन्या ट्रकच्या पंपापुढे एक गोल डबा होता, त्याला मिस्त्री ‘टायमर’ म्हणायचे. आतली वजनं वेग वाढला की बाहेर फेकली जायची आणि पंपाचा शाफ्ट थोडा पुढे ढकलायची. बाजूच्या गाडीतल्या रोटरी पंपात तेच काम डिझेलच्या दाबाने व्हायचं.

नवीन बीएस-६ ट्रकमध्ये पंपाने टायमिंग ठरवायचं हा प्रकारच संपला. पंप फक्त कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांच्या सामायिक नळीत, दाब भरतो. कधी फवारायचं ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो, क्रँक आणि कॅमचे सेन्सर बघून. मुख्य फवाऱ्याच्या आधी एक अगदी बारीक फवारा सोडतो, त्यामुळे खटखट जवळजवळ ऐकूच येत नाही. मानपूरचा घाट चढताना फरक जाणवतो. पण रेल सेन्सर बिघडला तर रस्त्यावर काही करता येत नाही, लॅपटॉपवाला येईपर्यंत गाडी उभी.

पंपघर
बरोबर. आणि त्या इंजेक्टरवर एक कोड कोरलेला असतो. बहुतेक गाड्यांत इंजेक्टर बदलला की तो कोड ईसीयूमध्ये भरावा लागतो, कारण प्रत्येक इंजेक्टरचा स्वभाव थोडा वेगळा असतो. पूर्वी आम्ही बेंचवर रॅक आणि टॅपेट जुळवून जे करायचो, ते आता आकड्यांत होतं.

धुरकटदृष्टी
पण मग ट्रॅक्टरला अजून जुनेच पंप का?

मानपूरघाट
ट्रॅक्टरचे धुराचे नियम वेगळे आहेत. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ जानेवारी २०२३ पासून लागू झालं, त्यात बरेच कॉमन रेलवर गेले. त्याखालच्यांत यांत्रिक पंप सर्रास दिसतो. आणि आपल्याकडे त्याच आकाराचे ट्रॅक्टर जास्त.

अंशमापक
यात टायमिंगचाही भाग आहे. फवारा लवकर केला की आतलं तापमान चढतं आणि नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. उशिरा केला की ते घटतात, पण डिझेल जास्त जळतं आणि काजळी वाढते. एका ठरलेल्या कोनात दोन्ही साधत नाही. दर क्षणी कोन बदलता यावा म्हणून इलेक्ट्रॉनिक्स आलं.

देपालपूररोड
सगळं वाचतोय, भाचाही वाचतोय. आता कृपया मूळ प्रश्न: स्पिल टायमिंग घरी कसं करायचं?

डिझेलकाका
मी सांगतो, नीट लक्ष द्या. भाच्याला हाताशी घ्या.

पंप आणि आजूबाजूची जागा डिझेलने धुऊन घ्या, कचऱ्याचा एक कण आत गेला तर नवीन एलिमेंट वाया. एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणा, दोन्ही व्हॉल्व्ह सैल हवेत. एक नंबरचा पाइप काढा, डिलिव्हरी होल्डर खोला, आतला व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढून स्वच्छ वाटीत डिझेलमध्ये ठेवा, होल्डर परत लावा. त्यावर हंसाच्या मानेसारखी वाकवलेली नळी बसवा. ॲक्सिलरेटर पूर्ण पुढे, स्टॉप लिव्हर ओढलेला नको. हे विसरलात तर मोजमाप फुकट.

आता क्रँक उलट फिरवून टीडीसीच्या बराच मागे न्या. हातपंपाने डिझेल दाबत राहा, नळीतून धार येईल. मग चालत्या दिशेनेच क्रँक हळूहळू फिरवा. धार बारीक होईल, मग थेंब. थेंब तुटक पडायला लागले की थांबा. तिथे प्लंजरने भोक झाकलं. त्या क्षणी फ्लायव्हीलची खूण काय दाखवते ते वाचा. पुढे गेलात तर नुसतं थोडं मागे आणू नका, गिअरची ढिलाई मोजमापात शिरते. चांगला पाव फेरा मागे जाऊन परत पुढे या.

पंप हलवायचा असेल तर पंपाचा शाफ्ट ज्या दिशेने फिरतो, त्याच दिशेने बॉडी फिरवली की टायमिंग मागे येतं, उलट दिशेने फिरवली की पुढे जातं.

पंपघर
काकांना दंडवत. एक शब्दही बदलायला नको. फक्त व्हॉल्व्ह परत बसवताना होल्डर टॉर्क रेंचनेच कसा, जास्त कसला तर बॅरल आवळला जाऊन प्लंजर अडकतो.

देपालपूररोड
काल संध्याकाळी केलं. ट्रॅक्टरच्या पुस्तकात जो कोन दिलाय त्यापेक्षा डिझेल ५ अंश आधी जात होतं. पंप फिरवून पुस्तकातल्या कोनावर आणला. फ्लँजचा मार्क मात्र बरोबर समोरासमोर आला नाही, पाऊण मिमी अजून पुढच्याच बाजूला आहे. म्हणजे काका म्हणत होते ती झीज खरी निघाली.

उलटा झटका गेला. पाणी आता गरम होत नाही. पण लोडवर खटखट अजून आहे, पूर्वीपेक्षा कमी.

डिझेलकाका
एका सिलिंडरची की तिघांची? इंजिन चालू ठेवून एकेका पाइपचा नट पंपाच्या बाजूने हातमोजा घालून थोडा सैल करा, की तो सिलिंडर बंद पडेल. कोणता बंद केल्यावर आवाज जातो ते बघा. तोंड लांब ठेवा, फवाऱ्यापुढे हात नेऊ नका. या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं. बाहेरून टाचणीएवढी जखम दिसते, तरी तासाभरात दवाखाना गाठावा लागतो.

देपालपूररोड
दोन नंबर. तो बंद केला की आवाज पूर्ण जातो.

सियागंजवाला
मग नोजल बघा. दोन आणि तीनचं अदलाबदल करा. आवाज नोजलबरोबर तीनवर गेला तर नोजल, दोनवरच राहिला तर पंप. नोजलची स्प्रिंग मऊ पडली की ते कमी दाबाला, म्हणजे आधीच उघडतं, आणि फवारा जाड पडतो.

देपालपूररोड
केलं. आवाज दोनवरच राहिला.

पंपघर
मग फेजिंग चुकलंय. हे बोलायचं राहिलं होतं. स्पिलने तुम्ही फक्त एक नंबरचं टायमिंग बघितलं. तीन सिलिंडरच्या पंपात एकानंतर दुसरा एलिमेंट बरोबर १२० अंशांनी सुरू व्हायला हवा, फरक अर्ध्या अंशाच्या आत. हे प्रत्येक टॅपेटच्या उंचीने जुळवतात. टॅपेट जरा उंच राहिला की तो प्लंजर भोक लवकर झाकतो, आणि तेवढा एकच सिलिंडर ॲडव्हान्स होतो. एलिमेंट बदलल्यावर फेजिंग बेंचवर बघायलाच हवं होतं. आधी हे, मग प्रत्येक सिलिंडरचं डिझेल सारखं करणं. ज्या दुकानात बेंच नाही तिथे हे काम होऊच शकत नाही. पंप उतरवून बेंच असलेल्या कुठल्याही दुकानात न्या आणि फेजिंगचा कागद मागून घ्या. पाइप स्वतःचेच परत लावा. तिन्ही सारख्या लांबीचे असतात ते उगाच नाही, दाबाची लाट पाइपातून जायलाही वेळ घेते. ६०० मिमीच्या पाइपाला १५०० आरपीएमवर ३ ते ४ अंश.

बडोदेकर
पाइपाच्या लांबीचं हे माहीत नव्हतं. आमच्याकडे एकाने जनरेटरचा तुटलेला पाइप मिळेल त्या लांबीचा लावून दिला होता, दोन महिने सगळे इंजिनाला दोष देत होते.

देपालपूररोड
पंप बेंचवर नेला होता. दोन नंबर अडीच अंश लवकर सुरू होत होता. टॅपेट जुळवला, तिघांचं डिझेल सारखं केलं, परत स्पिलने चढवला. आज रोटाव्हेटर लावून संबंध पट्टा काढला. खटखट गेली. भाचा आणि काका दोघांचे आभार, ताईंचे विशेष.

धुरकटदृष्टी
अभिनंदन! माझ्या ट्रॅक्टरवर गोल सीएव्ही पंप आहे, इनलाइन नाही. त्यालाही नळी लावून असंच बघू का?

पंपघर
नाही, तुमचा गोल सीएव्ही म्हणजे डीपीए पंप, त्याला स्पिलची ही पद्धत चालत नाही. त्याच्या बाजूला एक छोटं झाकण असतं. ते काढलं की आतल्या रोटरवर अक्षर कोरलेली रेघ दिसते, ती टायमिंग रिंगच्या सरळ कडेसमोर यायला हवी. कोणतं अक्षर ते तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात असतं. आणि जास्त आरपीएमला ताकद कमी पडत असेल तर मार्क हलवण्याआधी त्याच्या आतल्या, रोटरला डिझेल पुरवणाऱ्या ट्रान्सफर पंपाचा दाब तपासून घ्या. तो कमी असेल तर टायमिंग पुढे नेणारा ॲडव्हान्सचा पिस्टन सरकतच नाही, बाहेरून कितीही फिरवा.